बेसबॉलची मैदानं करायला निघताना

बेसबॉलच्या मैदानाचा आतला चौकोन नियमपुस्तकाने इंचाइंचाने बांधून टाकलेला आहे. एका बेसपासून (चौकोनाच्या कोपऱ्यावरच्या थांब्यापासून) दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट. पिचर चेंडू टाकतो तिथून होम प्लेटपर्यंत (बॅटर उभा असतो तिथपर्यंत) ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या खेळपट्टीच्या ६६ फुटांहून थोडं कमी. अमेरिकेतली सगळ्यात वरची स्पर्धा म्हणजे मेजर लीग, तिच्या तीसही मैदानांवर ही मापं सारखीच. पण चौकोनाच्या पलीकडे, उंच मारलेला चेंडू जाऊन पडतो त्या भागात, भिंत किती लांब, किती उंच, सरळ की वाकडी, हे बरंचसं ज्या त्या मैदानाच्या हाती आहे. बोस्टनला डावीकडच्या कोपऱ्यातली भिंत होम प्लेटपासून फक्त ३१० फुटांवर आहे, पण ती ३७ फूट उंच आहे. दुसऱ्या गावात जो सणसणीत फटका प्रेक्षकांत जाऊन पडला असता, तो इथे भिंतीवर आदळून खाली येतो. आणि दुसऱ्या गावात जो आरामात झेलला गेला असता, तो उंच चेंडू इथे फिल्डरच्या डोक्यावरून जाऊन भिंतीला लागतो.

म्हणून इथले, अमेरिकेतले लोक मैदानं बघत हिंडतात. आपल्याकडे गड करणारे असतात ना, तसे हे मैदानं करणारे. अकरा वर्षांत माझी १९ मैदानं झाली. सुरुवातीची काही मी तीन दिवसांत तीन अशा वेगाने उरकली आणि त्यातल्या दोन ठिकाणी मला नंतर पुन्हा जावं लागलं, कारण तिकिटापलीकडे तिथलं काहीच मनात राहिलं नव्हतं. रायगड आणि हरिश्चंद्रगड कुणी एका दमात उरकत नाही. मैदानांनाही तेवढाच वेळ द्यावा असं माझं ठाम मत आहे, आणि पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलेलं आहे.

आधी खेळ थोडा समजून घ्या

फार नको. क्रिकेट बघणाऱ्याला एका संध्याकाळी पुरेसं कळतं. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेकदा फलंदाजी, तीन बाद झाले की पाळी संपली. चेंडू मारून तिन्ही बेस ओलांडत होम प्लेटला परतलं की एक धाव. मारताना हुकलेला किंवा चौकटीत येऊनही न मारलेला चेंडू म्हणजे स्ट्राईक. तीन स्ट्राईक झाले की बॅटर बाद, चार चेंडू स्ट्राईकच्या चौकटीबाहेर गेले की त्याला पहिला बेस आपोआप. मैदानाच्या दोन पांढऱ्या रेषांच्या आत मारलं तरच फटका धरतात, मागे किंवा बाजूला गेला तर फाऊल. आपल्याला लेट कट आणि लेग ग्लान्सची सवय असते, म्हणून पहिल्या सामन्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

निघण्याआधी एक पूर्ण सामना टीव्हीवर बघा. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय. बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, कुणी असेल तर आता १८. त्यामुळे पूर्वी तीन तासांच्या पुढे रेंगाळणारा सामना आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटपतो. सोबत लहान मुलं किंवा आई-वडील असतील तर याचा फार उपयोग होतो.

वेळापत्रक आधी, प्रवासाचं तिकीट नंतर

मोसम मार्चच्या अखेरीला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या शेवटापर्यंत चालतो. ऑक्टोबरमध्ये बाद फेरी आणि वर्ल्ड सीरिज, म्हणजे अंतिम लढत. प्रत्येक संघाचे १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. ८१ हा आकडा मोठा वाटतो, म्हणून नवखा माणूस गृहीत धरतो की कधीही गेलं तरी सामना असेलच. तसं नसतं. संघ घरी असला की सलग सहा-सात, कधी नऊ-दहा दिवस घरी असतो आणि मग तितकेच दिवस बाहेर. तुम्ही नेमके त्या बाहेरच्या आठवड्यात पोचलात तर बंद दरवाजा बघून परत यावं लागेल. म्हणून आधी संघाचं वेळापत्रक उघडा, सलग घरच्या सामन्यांचे पट्टे शोधा आणि मग सुट्टी टाका.

दोन संघ एकमेकांशी तीन किंवा चार सामने ओळीने खेळतात. शहर बदललं की मध्ये बऱ्याचदा सोमवार किंवा गुरुवार मोकळा जातो. मालिकेचा शेवटचा सामना पुष्कळदा बुधवारी किंवा गुरुवारी भर दुपारी ठेवतात, कारण संध्याकाळी संघाला विमान पकडायचं असतं. हे दुपारचे सामने माझ्या आवडीचे. गर्दी कमी, तिकीट स्वस्त, आणि अंधार पडायच्या आत तुम्ही मोकळे. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी चार दिवस सगळी लीग थांबते. ते दिवस कॅलेंडरवर आधीच खोडून टाका.

हवामानाचाही विचार करा. एप्रिलमध्ये बोस्टन, शिकागो, मिनियापोलिस इथे रात्रीचा सामना म्हणजे थंडीचं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे. जुलै-ऑगस्टमध्ये बॉल्टिमोर, वॉशिंग्टन, सेंट लुईस इथे मे महिन्यातल्या मुंबईसारखा घाम निघतो. सॅन फ्रान्सिस्कोचं गणित उलटं, तिथे ऐन जुलैच्या रात्रीसुद्धा खाडीवरून बोचरा वारा येतो. माझ्या मते पहिल्या सहलीला मे अखेर ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे उत्तम. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांचे इथले महिने बहुतेक हेच असतात.

पावसाबद्दल एक सांगते. बेसबॉल पावसात थांबतो, झाकणं पसरतात, आणि तास-दोन तासांनी पुन्हा सुरू होतो. सामना रद्द झालाच तर तिकिटाची किंमत वाया जात नाही, नंतर खेळवल्या जाणाऱ्या सामन्याला ते चालतं. पण तुम्ही तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी असणार! यावर एकच उपाय, एका गावात दोन रात्री मुक्काम. एकदा मी फक्त एक रात्र ठेवली होती. पावसाने सामना दोन तास थांबला, संपायला मध्यरात्र झाली आणि शेवटची गाडी निघून गेली. फलाटावरच्या बाकावर पहाटेपर्यंत बसून काढले ते पाच तास मला चांगलेच लक्षात आहेत.

पहिली सहल रेल्वेने करा

मोटार भाड्याने घेऊन देशभर भटकायचं स्वप्न सगळ्यांना पडतं. पण पहिल्या खेपेला मी रेल्वेच सुचवते. बोस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, बॉल्टिमोर, वॉशिंग्टन ही पाच शहरं अ‍ॅमट्रॅकच्या एकाच मार्गावर आहेत, आणि न्यू यॉर्कमध्ये दोन संघ असल्यामुळे पाच शहरांत सहा मैदानं होतात. शिवाय सहाही ठिकाणी स्टेशनापासून पुढे लोकलने जाता येतं, पार्किंगचे पैसे वाचतात.

बोस्टनचं फेनवे पार्क २० एप्रिल १९१२ ला उघडलं. लीगमधलं हे सगळ्यात जुनं मैदान. ग्रीन लाइनवर ‘फेनवे’ नावाचं स्टेशन आहे खरं, पण उतरायचं केनमोरला. तिथून गर्दीबरोबर चालत गेलात की रस्ता आपोआप सापडतो. वर सांगितलेली डावीकडची भिंत हिरवी आहे, आणि तिच्या पायथ्याशी असलेला धावफलक आजही आत बसलेली माणसं हाताने पाट्या सरकवून बदलतात. दोन इनिंगच्या मध्ये त्या फलकाकडे नजर ठेवा, फटीतून एखादा हात दिसतो. उजवीकडच्या स्टँडमध्ये सगळ्या हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे, विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ ला बोस्टनच्या टेड विल्यम्सने मारलेला चेंडू तिथे येऊन पडला होता, ५०२ फुटांवर. सामन्याआधी त्या खुर्चीत जाऊन बसा आणि होम प्लेटकडे बघा. तिथला माणूस बोटाएवढा दिसतो. आकडा वाचून जे कळत नाही ते त्या खुर्चीत बसल्यावर कळतं.

न्यू यॉर्कमध्ये यांकी स्टेडियम ब्राँक्सला, १६१ व्या रस्त्याच्या स्टेशनवर. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून येणाऱ्या आपल्या लोकांनी पेन स्टेशनला उतरून एक चौक चालत हेरल्ड स्क्वेअर गाठायचं आणि तिथून डी गाडी पकडायची. आताचं स्टेडियम २००९ चं आहे. १९२३ चं जुनं रस्त्याच्या पलीकडे होतं, तिथे आता सार्वजनिक मैदान आहे आणि संध्याकाळी पोरं खेळत असतात. पाच मिनिटं तिथेही उभं राहा. स्टेडियमच्या आत जुन्या खेळाडूंच्या स्मारकांचा एक कोपरा आहे, तो सामन्याच्या पाऊण तास आधी बंद होतो, त्यामुळे दार उघडल्या उघडल्या आधी तिकडेच जा.

न्यू यॉर्कचा दुसरा संघ मेट्स, त्यांचं सिटी फील्ड क्वीन्समध्ये, सात नंबरच्या गाडीवर. याच गाडीवर जॅक्सन हाइट्स लागतं, तिथे उतरून पोटभर देशी जेवून पुढे जाता येतं. सिटी फील्डच्या मुख्य दारातून आत शिरलात की जॅकी रॉबिन्सनच्या नावाचा भव्य गोल दिवाणखाना लागतो. रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनकडून पहिला सामना खेळला आणि मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना दशकानुदशकं बंद असलेलं दार उघडलं. १९९७ पासून त्याचा ४२ क्रमांक सगळ्याच संघांनी निवृत्त केलाय. दरवर्षी १५ एप्रिलला मात्र प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू ४२ घालूनच उतरतो. त्या तारखेचं तिकीट मिळत असेल तर थंडीची पर्वा करू नका.

फिलाडेल्फियाबद्दल थोडक्यात. ब्रॉड स्ट्रीट लाइनच्या दक्षिण टोकाच्या शेवटच्या स्टेशनवर उतरा. मैदान २००४ चं, चांगलं आहे, आणि प्रेक्षक इतके जीव तोडून ओरडतात की शेजारच्याशी बोलता येत नाही. वॉशिंग्टनचं मैदान मेट्रोच्या ग्रीन लाइनवर नेव्ही यार्डला. तिथे चौथ्या इनिंगमध्ये राष्ट्राध्यक्षांचे मोठमोठे मुखवटे घातलेली माणसं शर्यत लावतात, मुलांना खूप आवडतं.

आणि बॉल्टिमोर. सहांतलं एकच निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन. १९९२ पर्यंत अमेरिकेत काँक्रीटची गोल, सपाट, एकसारखी स्टेडियमं बांधायची पद्धत पडली होती, फुटबॉललाही तीच आणि बेसबॉललाही तीच. बॉल्टिमोरने ती मोडली. रेल्वे यार्डाच्या जागेवर, शहराच्या मधोमध, फक्त बेसबॉलसाठी विटांचं आणि लोखंडाचं मैदान बांधलं, आणि उजवीकडे उभं असलेलं रेल्वेचं लांबलचक जुनं गोदाम पाडण्याऐवजी मैदानाचा भाग करून घेतलं. गोदाम आणि स्टँड यांच्यामधून यूटॉ स्ट्रीट जातो. या रस्त्यावर जिथे जिथे होम रनचा (थेट भिंतीपलीकडे मारलेल्या फटक्याचा) चेंडू येऊन पडला तिथे तिथे जमिनीत बेसबॉलच्या आकाराची पितळी खूण बसवलेली आहे, खेळाडूचं नाव आणि तारीख कोरून. मान खाली घालून हळूहळू चाला. गोदामाच्या भिंतीवरही एक खूण आहे, १९९३ च्या ऑल-स्टार होम रन स्पर्धेत केन ग्रिफी ज्युनियरचा चेंडू थेट तिथे लागला होता. नंतर पुष्कळ शहरांनी बॉल्टिमोरचा कित्ता गिरवला. बेसबॉलचा गाजलेला खेळाडू बेब रूथ जन्मला ते घर इथून चालत काही मिनिटांवर आहे, आता तिथे संग्रहालय आहे.

ही सहा मैदानं घाई न करता करायची तर बारा-तेरा दिवस लागतात. एवढी रजा नसेल तर दोन सहली करा. शिकागो ही दुसरी सोपी सहल. रिगली फील्ड आणि व्हाइट सॉक्सचं मैदान दोन्ही एकाच रेड लाइनवर, एक उत्तरेला अ‍ॅडिसन स्टेशनवर, दुसरं दक्षिणेला पस्तिसाव्या रस्त्यावर. १९१४ च्या रिगलीच्या आऊटफिल्डच्या विटांच्या भिंतींवर १९३७ मध्ये लावलेला वेल आहे. चेंडू त्या पानांत अडकला तर फिल्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दुसरा बेस मिळतो. एप्रिलमध्ये त्या वेलाच्या नुसत्या काटक्या असतात, म्हणून रिगलीला जूननंतरच जा. इथे १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, सगळे सामने दुपारी व्हायचे. दुपारचाच सामना निवडा.

तिकीट आणि जागा

तिकिटांचे भाव विमानाच्या तिकिटांसारखे रोज बदलतात. मंगळवार-बुधवार स्वस्त, शनिवार महाग. यांकीज, रेड सॉक्स किंवा डॉजर्स पाहुणे म्हणून आले की भाव चढतात. बाहुल्या किंवा शर्ट फुकट वाटायचा दिवस असेल तरी चढतात. तिकीट फोनवरच्या अ‍ॅपमध्ये येतं आणि त्याचा नुसता फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून फोन भरलेला ठेवा. पुन्हा विकल्या जाणाऱ्या तिकिटांच्या साइटवर शेवटच्या पानावर शुल्क वाढतं, आधी एकूण रक्कम बघा मगच ठरवा.

पहिल्या सामन्याला सगळे खालच्या रांगेसाठी पैसे मोजतात. मी सांगेन, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पण अगदी होम प्लेटच्या मागे बसा. तिथून मैदानाचा आकार तळहातासारखा दिसतो. चेंडू मारला की कोण फिल्डर कुठे धावला, भिंत कुठे जवळ आहे, हे सगळं एका नजरेत येतं, आणि तिकीट खालच्या रांगेच्या निम्म्याहूनही कमी पडतं. दुसऱ्या सामन्याला खाली बसा.

दुपारच्या सामन्यात उन्हाचा हिशेब महत्त्वाचा. बॅटरच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येऊ नये म्हणून बहुतेक मैदानांची होम प्लेटकडून पिचरकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येच्या बाजूला ठेवतात. त्यामुळे होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली आधी येते. आई-बाबांना घेऊन जात असाल तर तिकीट काढताना तिसऱ्या बेसची बाजू, आणि शक्य तर वरच्या मजल्याच्या खाली येणाऱ्या मागच्या रांगा घ्या.

पिशवी आणि डबा

प्रत्येक मैदानाचे पिशवीचे नियम वेगळे. कुठे पारदर्शक पिशवीच लागते, कुठे पाठीवरची सॅक अजिबात चालत नाही. एका मैदानाच्या दारावर माझी सॅक अडवली, ती ठेवायला रस्त्यापलीकडची पैसे घेऊन सामान ठेवणारी गाडी शोधली, रांग लावली, आणि आत पोचेपर्यंत दुसरी इनिंग संपत आली होती. तेव्हापासून आदल्या रात्री संघाच्या साइटवर नियम वाचल्याशिवाय मी निघत नाही.

आपल्या लोकांना सहसा माहीत नसलेली एक चांगली गोष्ट म्हणजे पुष्कळ मैदानांवर घरचं खाणं आणि सील न तोडलेली पाण्याची बाटली आत नेता येते. पोळी-भाजीची गुंडाळी, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या पारदर्शक पिशवीत भरून मी बिनदिक्कत नेते. आतलं पाणीसुद्धा महाग असतं. शाकाहारी माणसाला आत मीठ लावलेला मोठा प्रेट्झेल, पॉपकॉर्न, लसूण घातलेले बटाटे आणि भाजलेल्या शेंगा मिळतात. हॉट डॉग बहुतेकदा गोमांसाचा असतो, विचारून घ्या. शेंगा टरफलासकट येतात, टरफलं पायाशी टाकायचीच रीत आहे. आतमध्ये जवळपास सगळीकडे कार्डच चालतं, रोख घेत नाहीत.

दार उघडल्यापासून

सामन्याच्या तास-दीड तास आधी दार उघडतं. तेव्हाच आत जा. आधी मैदानाला आतून एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. स्टँडच्या मागच्या रुंद वाटेने चालत गेलं की पुतळे, जुने फोटो, कोपऱ्यातले दुकानदार, सगळं नजरेखालून जातं. पाहुण्या संघाचा सराव चालू असेल तर आऊटफिल्डच्या पहिल्या रांगेशी उभं राहा. मैदानावर तुम्ही पहिल्यांदाच आला असाल तर मदत कक्षात सांगा, पुष्कळ ठिकाणी पहिल्या सामन्याचं छापील प्रमाणपत्र फुकट देतात.

राष्ट्रगीताला उभं राहायचं, टोपी काढायची. चेंडूचा खेळ चालू असताना जिन्यावरून ये-जा करायची नाही, बॅटरची पाळी संपेपर्यंत थांबायचं. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यावा लागत नाही, तो तुमचा. मात्र जवळ लहान मूल असेल तर त्याला देतात. फाऊल चेंडू भयंकर वेगाने येतो. खालच्या रांगांसमोर जाळी असते, तिच्या पलीकडे बसला असाल तर चेंडू खेळात असताना फोनमध्ये डोकं घालू नका. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उभे राहून १९०८ सालचं एक गाणं म्हणतात. शब्द येत नसले तरी उभं राहा, दुसऱ्या सामन्यापर्यंत पाठ होतं.

लांबची मैदानं

पिट्सबर्गला जाच. अ‍ॅलेघेनी नदीच्या काठावर मैदान, समोर पिवळे पूल आणि शहराच्या इमारती. सामन्याच्या दिवशी इथल्या संघाचा खेळाडू रोबर्टो क्लेमेंटे याच्या नावाचा पूल गाड्यांना बंद करतात आणि लोक त्यावरून चालत येतात. उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटेचा क्रमांक २१ होता. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ ला त्याचं विमान समुद्रात कोसळलं. हे माहीत असून पूल ओलांडला की चाल आपोआप मंदावते.

सॅन फ्रान्सिस्कोलाही उजवी भिंत २४ फुटांची आहे, तिथला खेळाडू विली मेज याच्या २४ क्रमांकासाठी, आणि तिच्यामागे थेट खाडी. चेंडू पाण्यात पडेल म्हणून लोक होड्या घेऊन वाट बघत असतात. भिंतीच्या कमानींतून बाहेरच्या लोकांना काही वेळ फुकट सामना बघता येतो. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम १९६२ चं, ५६,००० प्रेक्षकांचं, लीगमधलं सगळ्यात मोठं. युनियन स्टेशनवरून सामन्याच्या तिकिटावर बस फुकट मिळते, मोटार नेऊ नका. या टेकडीवर आधी मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती होती, ती १९५० च्या दशकात उठवली गेली, हेही ठाऊक असावं. डेन्व्हरला वरच्या मजल्यावर खुर्च्यांची एकच रांग जांभळी आहे, ती समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीवर. हवा विरळ असल्याने तिथे चेंडू लांब जातो.

तिसांतलं एक मैदान कॅनडात आहे, टोरोंटोला. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यासाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा लागू शकतो, आणि अमेरिकेत परत येताना कोणते कागद लागतील हेही आधी तपासा. शिवाय संघ घर बदलत असतात. अ‍ॅथलेटिक्सने २०२४ नंतर ओकलंड सोडलं आणि ते सॅक्रामेंटोजवळच्या छोट्या मैदानावर खेळू लागले. टँपा बेच्या मैदानाचं छप्पर ऑक्टोबर २०२४ च्या चक्रीवादळात फाटलं, २०२५ चा मोसम त्यांनी दुसरीकडे काढला. जुन्या यादीवर विसंबू नका.

स्कोअर हाताने लिहा

हे शेवटी सांगते आहे, पण मला हेच सगळ्यात जास्त सांगायचं होतं. बऱ्याच मैदानांवर स्कोअरकार्ड मिळतं, नाहीतर घरून कोरी वही न्या. पेन्सिल आणि खोडरबर घ्या. फिल्डरांना ठरलेले क्रमांक असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि आऊटफिल्डमध्ये डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. तिसऱ्या बेसवाल्याने चेंडू उचलून पहिल्याकडे फेकला आणि बॅटर बाद झाला तर त्याच्या चौकटीत ५-३. तीन स्ट्राईकवर बाद झाला तर इंग्रजी के. बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर तोच के उलटा. जो बेस गाठेल त्याच्या चौकटीत छोट्या चौकोनाची तेवढी बाजू गिरवायची, धाव पूर्ण झाली की चौकोन भरून काळा करायचा. पहिल्या दोन इनिंग हात अडखळतो, तिसरीपासून लागतो. आणि लिहायला बसलात की एकही चेंडू नजरेतून निसटत नाही.

बाबा पुण्याहून आले तेव्हा मी त्यांना बॉल्टिमोरला नेलं. ते तरुणपणी क्लबच्या सामन्यांचे स्कोअरर होते. पहिली इनिंग ते नुसते बघत बसले. दुसरीत त्यांनी वही मागून घेतली. बेसवर एक जण असताना बॅटरने जमिनीलगत चेंडू मारला. शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसकडे फेकला, तिथून पहिल्याकडे, आणि दोघंही बाद.

“६-४-३,” मी म्हणाले.

“थांब गं, मला लिहू दे,” बाबा म्हणाले. “दोघांच्या चौकटी वेगळ्या. हा कसा गेला आणि तो कसा गेला, दोन्ही नीट दिसायला हवं.”

त्यांनी दोन्ही चौकटी बारीक अक्षरात भरल्या, दोन्ही बादांना गोल केलं, आणि मग चष्मा कपाळावर सरकवून भिंतीकडे बघत राहिले. आठवी इनिंग संपेपर्यंत त्यांनी वही सोडली नाही, माझ्या हातातली पुरीसुद्धा घेतली नाही. ते पान माझ्याकडे आहे. त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी मैदानाची बाह्यरेषा काढली आहे, गोदामाची आयताकृती, यूटॉ स्ट्रीटची पट्टी, आणि उजव्या कोपऱ्यात भिंतीवरून उतरवून घेतलेला आकडा, ३१८ फूट.